मावशीआजी ‘प्रभात’ची हिरॉईन होती म्हणे

कोथरूडच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे. त्यांच्या आईची मावशी १९३५ ते १९४५च्या सुमारास ‘त्या लाइनीत’ होती. घरात सांगतात की ती ‘प्रभात’ फिल्म कंपनीची नायिका होती, पुढे शांतारामबापूंशी (म्हणजे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्याशी) खटका उडाला आणि तिने सिनेमा सोडला. हाती आहे ते एवढंच: पाठीमागे काही न लिहिलेला एक फोटो, ग्रामोफोनची एक फुटकी तबकडी आणि ही गोष्ट. इंटरनेटवर नाव टाकलं तर काहीच निघत नाही. ती खरोखर कोण होती हे शोधायचं कसं, आणि शोधून आईला सांगावं का, असा प्रश्न आहे.

तीसेक वर्षं मी जुन्या नाटक-सिनेमाच्या कागदांची नोंद करण्याचं काम केलं. स्टिल फोटो, गाण्यांच्या चोपड्या, हँडबिलं, तबकड्या. असा प्रश्न घेऊन येणारं माणूस महिन्याला एक तरी असायचं, आणि त्यातल्या निम्म्यांची आजी प्रभातची हिरॉईन असायची. म्हणून आधी स्पष्टच सांगते. तुमच्या मावशीआजी प्रभातच्या नायिका नव्हत्या. प्रभातच्या नायिका बोटांवर मोजता येतात: दुर्गा खोटे, नलिनी तर्खड, शांता आपटे, शांता हुबळीकर, जयश्री, हंसा वाडकर, आणखी चार-दोन. तुम्ही कळवलेलं नाव त्यांत नाही, आणि त्यांच्यापैकी कुणाचं ते घरातलं नावही नाही.

पण म्हणून गोष्ट खोटी, असं समजू नका. ‘प्रभातमध्ये होती’ या दोन शब्दांत पुण्यात बरंच काही मावतं. कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. इथे तयार झालेला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’, १९३४चा. १९५३ पर्यंत कंपनी कशीबशी तगली. म्हणजे पुण्यातली वर्षं जेमतेम वीस, आणि त्यातलीही शेवटची पाच-सहा ओढाताणीची. त्या काळी तिथे माणसं महिन्याच्या पगारावर असत. सुतार, शिंपी, रसायनखात्यातले, वादक, गर्दीतले लोक, सगळे कंपनीचेच. गर्दीत उभ्या राहिलेल्या बाईने घरी येऊन ‘मी प्रभातमध्ये आहे’ म्हटलं तर ती खरंच बोलत होती. ‘हिरॉईन’ हा शब्द पुढच्या पिढीने चिकटवला.

खटक्याचं म्हणाल, तर ती गोष्ट तुमच्या घरची नाही. १९३९ मध्ये शांता आपटे यांनी प्रभातच्या फाटकाशी उपोषण केलं होतं. करारावरून वाद होता, बातमी सगळीकडे झाली, पुण्यात तर घराघरांत. एका बाईने कंपनीच्या दाराशी बसून मालकांना जाब विचारावा हे त्या काळी लोकांच्या कल्पनेबाहेरचं होतं. तेव्हापासून गेली ऐंशी वर्षं मी (म्हणजे माझ्या आधी माझ्या जागी बसलेले आणि नंतर मी) हीच गोष्ट वेगवेगळ्या आज्यांच्या नावावर ऐकत आलो आहोत. कधी शांतारामबापू असतात, कधी कंपनीचे दुसरे भागीदार दामले मामा, कधी नुसतेच ‘मालक’. मोठ्या कलावंतांच्या आयुष्यातले प्रसंग असे लहान कलावंतांच्या आठवणींत येऊन बसतात. कुणी मुद्दाम लबाडी करत नाही. आजी काही सांगत नाही, मुलांना काहीतरी हवं असतं, मग हाताशी असलेली गोष्ट त्या जागी बसते.

म्हणून माझी पद्धत अशी की घरच्या गोष्टीतला झगमगाटाचा भाग बाजूला ठेवायचा आणि ज्यात कुणालाच रस नाही असा तपशील उचलायचा. तो कुणी रचत नाही. तुमच्या पत्रात असे तीन तपशील आहेत आणि तिन्ही तुम्ही जाता जाता लिहिले आहेत. मावशीआजी संध्याकाळी काही खात नसत, रात्री उशिरा जेवत. लग्नकार्यात सगळ्या बायकांचे अंबाडे त्या घालून देत. आणि भांडी घासताना अख्खी नाटकं म्हणत, पुरुषांच्या वाक्यांसकट.

हे वाचलं आणि मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. हे सिनेमाच्या माणसाचं वागणं नाही. सिनेमात एका शॉटपुरती वाक्यं पाठ करायची आणि संध्याकाळी विसरायची. शूटिंग दिवसा, जेवण वेळेवर. संध्याकाळी पोट रिकामं ठेवून रात्री उशिरा जेवायची सवय गाणाऱ्या नाटकवाल्यांची. भरल्या पोटी पदं म्हणता येत नाहीत, आणि त्या काळी नाटक रात्री सुरू होऊन मध्यरात्र उलटेपर्यंत चालायचं. दुसऱ्यांचे अंबाडे घालणं ही रंगपटातली सवय. आणि सगळ्यांची वाक्यं पाठ असणं याचे माझ्या अनुभवात दोनच अर्थ निघतात. एकतर ती विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करत असे (नटांना विसरलेली वाक्यं हळूच पुरवत असे), नाहीतर ती बायकांच्या नाटक मंडळीत होती.

बायकांच्या मंडळ्या आता लोकांच्या लक्षातही नाहीत. बालगंधर्वांसारखे पुरुष स्त्रीभूमिका करत होते हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच काळात ज्यात सगळ्या भूमिका बायकाच करत अशाही मंडळ्या होत्या, बेळगावकर स्त्री संगीत नाटक मंडळी त्यांतली एक. तिथे राजाही बाई, शिपाईही बाई आणि विदूषकही बाई. आज रात्री सुभद्रा केलेली मुलगी उद्या अर्जुनाला ताप आला तर अर्जुनही करायची. अशा मंडळीत दोन वर्षं काढली की नाटक अंगात भिनतं, आपली भूमिका कुठली हा प्रश्नच उरत नाही.

मग ती सिनेमाच्या दारी कशी आली असेल? इथे सनावळी कामाला येते. मराठी बोलपट १९३२ मध्ये आला, ‘अयोध्येचा राजा’पासून. त्यानंतर पाच वर्षांत मोठमोठ्या संगीत मंडळ्या कोसळल्या. मास्टर दीनानाथांची बलवंत संगीत मंडळी नाटक सोडून सिनेमाकडे वळली, गंधर्व मंडळीची घडी विस्कटली आणि खुद्द बालगंधर्व प्रभातबरोबर ‘धर्मात्मा’ करायला आले, १९३५ मध्ये. ललितकलादर्श १९३७ मध्ये थांबली. नाटकाची थिएटरं पडदा लावून सिनेमा दाखवू लागली. पेटीवाले, पडदे रंगवणारे, दुय्यम भूमिका करणारे असे कितीतरी लोक एका फटक्यात रिकामे झाले. त्यांतल्या पुष्कळांनी पुण्याची वाट धरली, कारण इथे स्टुडिओ होते. प्रभातशिवाय दादासाहेब तोरण्यांचा सरस्वती सिनेटोन होता, १९४०च्या सुमारास नवयुग आलं, मग शालिमार आलं. तुमच्या मावशीआजींची वर्षं यात अगदी फिट बसतात. ‘संत तुकाराम’मधले विष्णुपंत पागनीस याच वाटेने आलेले. त्याआधी ते रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत, हे आज सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही.

त्याच चित्रपटातली गौरी बघा. तुकारामाची आवली तिने अशी उभी केली की पागनिसांच्या बरोबरीने लोक तिचं नाव घेतात. मुंबईला सेंट्रल सिनेमात तो चित्रपट वर्षाहून अधिक चालला, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. आणि बाईचं नाव पडद्यावर काय, तर नुसतं ‘गौरी’. आडनाव नाही, गाव नाही. आधी कंपनीत किरकोळ कामं करणारी, पुढे ‘संत सखू’त सासू झालेली ही अभिनेत्री जर कुणाची आजी असेल आणि नातवाला ‘गौरी’ हे नाव माहीतच नसेल, तर त्याला ती इंटरनेटवर कशी सापडणार? जगाला माहीत असलेल्या गौरीची ही स्थिती, तिथे तुमच्या मावशीआजींचं काय घेऊन बसलात.

म्हणजे आता नावाचा प्रश्न. माझा निम्मा वेळ यातच गेला आहे. तुम्ही शोधताय ते नाव रेशन कार्डावरचं आहे, लग्नानंतरचं. कागदांत ते कधीच सापडणार नाही. हंसा वाडकर म्हणजे रतन साळगावकर. ज्योत्स्ना भोळे म्हणजे गोव्याच्या दुर्गा केळेकर. शांता हुबळीकर यांचं मूळ नाव राजम्मा, आणि ‘हुबळीकर’ हे गावावरून आलेलं. आयुष्यातली शेवटची वर्षं त्यांनी वृद्धाश्रमात काढली, आणि ‘कशाला उद्याची बात’ म्हणणारी ती हीच, हे शेजारच्या खाटेवरच्या बाईला ठाऊक असेलच असं नाही. तेव्हा आधी माहेरचं नाव, मग आईचं गाव, मग घरात हाक मारायचं नाव असे तीन स्वतंत्र कागद करा. आणखी एक. ‘शांता’ हे नाव दिसलं की उडी मारू नका. एकट्या प्रभातमध्ये आपटे, हुबळीकर आणि मजुमदार अशा तीन शांता होत्या. जुन्या लेखांतही त्यांची सरमिसळ झालेली मी पाहिली आहे.

(तमाशातला प्रकार याहून वेगळा. तिथे फडावरचं नाव हे बहुधा गावाचं असतं आणि सरकारी कागदावर भलतंच. तळेगावजवळच्या इंदुरीचे दादू इंदुरीकर, ‘गाढवाचं लग्न’मधला सावळ्या कुंभार अजरामर करणारे, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळवणारे, त्यांचं कागदावरचं नाव गजानन सरोदे. पठ्ठे बापूराव म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, १९४५ मध्ये पुण्यातच वारले. फोटोत चाळ, ढोलकी, तुणतुणं असं काही असतं तर मी तुम्हाला नारायणगावला पाठवलं असतं. तिथे पाडव्याच्या आधी फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात, आणि म्हाताऱ्या ढोलकीवाल्यांना कोण कुणाच्या फडावर कधी होतं हे तोंडपाठ असतं. कागद शून्य, पण आठवण पक्की. तुमच्या फोटोत तसं काही नाही, म्हणून तो विषय इथेच सोडते. नाहीतर माझं हे उत्तर उद्यापर्यंत संपणार नाही.)

तबकडीकडे येऊ. तुम्ही तिला ‘फुटकी, निरुपयोगी’ म्हटलंय. माझ्या दृष्टीने तुमच्याकडची सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे. लाखेची तबकडी फुटली तरी मधलं लेबल बहुधा शाबूत राहतं. त्यावर गाण्याचा मुखडा, नाटकाचं किंवा चित्रपटाचं नाव, गाणाऱ्याचं नाव आणि तबकडीचा क्रमांक असतो. तुम्ही फक्त ‘मिस’ आणि पुढे पहिलं नाव एवढंच कळवलंत. मला उरलेलं सगळं हवं आहे. क्रमांक तर हवाच, आणि लेबलाच्या कडेला, जिथे खोबणी संपतात, तिथे काचेवर ओरखडल्यासारखी बारीक अक्षरं असतील तर तीही. ती ध्वनिमुद्रणाची खूण असते आणि तिच्यावरून कंपन्यांच्या जुन्या याद्या पाहून वर्षापर्यंत पोचता येतं. हिज मास्टर्स व्हॉइस, ओडियन, यंग इंडिया, कोलंबिया, यांतली कुठली कंपनी आहे तेही लिहा. मोबाइलने फोटो काढताना तिरपा प्रकाश टाका, सरळ टाकलात तर सगळं चमकतं.

मात्र लेबलावरून लगेच निष्कर्ष काढू नका. तबकडीवर नाट्यपद आहे म्हणजे त्या नाटकात तिने काम केलं असं होत नाही. गाजलेली पदं वाटेल त्या गायिकेकडून गाऊन घेत. चित्रपटातल्या गाण्यांचंही तेच. पडद्यावर एकजण गायलेली असे आणि तबकडीवर दुसरी. ‘मिस’वरून ती अविवाहित होती असंही समजू नका. तो धंद्याचा रिवाज होता, जसा पुरुषांना ‘मास्टर’. मास्टर कृष्णराव पंचाहत्तरीतही मास्टरच होते.

आता फोटो. तो फ्रेममधून काढताना पाठ पाण्याने ओली करू नका, पुठ्ठा चिकटलेला असेल तर तसाच राहू द्या. फोटोवाल्या स्टुडिओचा शिक्का पाठीमागे किंवा खालच्या कोपऱ्यात ठशासारखा उठवलेला असतो. शिक्का गावाचा असेल (मिरज, हुबळी, बेळगाव, इंदूर) तर ती मंडळी त्या गावी मुक्कामाला असताना फोटो काढला, असं धरायला जागा आहे. नाटक मंडळी कुठेही गेली की तिथल्या फोटोवाल्याकडे वेशात फोटो काढत, जाहिरातीला लागायचे म्हणून. मागे रंगवलेला पडदा, कमान, कुंडी असं दिसतं का ते बघा. सिनेमाचा स्टिल असेल तर मागे सेट असतो, प्रकाश दोन-तीन बाजूंनी आलेला असतो आणि माणूस कॅमेऱ्याकडे बघत नसतो. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत त्या सरळ आपल्याकडे बघताहेत, हात खुर्चीच्या पाठीवर. मला तरी तो स्टिल वाटत नाही.

कुठे जायचं ते सांगते. लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे (२०२२ मध्ये ते एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात गेलं). फिल्म सोडाच, तिथे गाण्यांच्या चोपड्या, पोस्टरं, स्टिल, पटकथा यांचा साठा आहे, आणि तुमच्यासारख्यांचं काम त्यातच होतं. चोपडी म्हणजे थिएटरात विकायची ती गाण्यांची पुस्तिका. तिच्यात कथा अर्ध्यात सोडलेली असते, ‘पुढे काय होते ते रुपेरी पडद्यावर पाहा’, आणि पात्रांची यादी असते. यादीत आठ-दहाच नावं असतात, म्हणून नाव नसलं तर खट्टू होऊ नका. प्रभात एकच चित्रपट पुष्कळदा मराठी आणि हिंदी असा दोनदा करत असे आणि पात्रं बदलत. ‘शेजारी’त जिवबा केशवराव दाते, तर ‘पडोसी’त ती भूमिका मझहर खान यांची. तेव्हा दोन्ही चोपड्या मागवा. लोक एकच बघतात आणि निघून जातात.

फिल्मच बघून तिला ओळखू म्हणाल तर ते अवघड. त्या काळची फिल्म नायट्रेटची, पेट घेणारी. ८ जानेवारी २००३ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली, त्यात प्रभातच्या मूळ प्रतींसह कितीतरी जुनं जळून गेलं. पुढच्या प्रती आहेत, पण चौथ्या रांगेतला चेहरा प्रतीच्या प्रतीत ओळखू येत नाही. नातवंडं मात्र हमखास ओळखतात! एका बाईंनी तर एकाच चित्रपटातल्या दोन वेगवेगळ्या बायका आपली आजी म्हणून दाखवल्या होत्या.

पण तुमचं खरं काम सिनेमाच्या कागदांत नाही, नाटकाच्या कागदांत आहे. हँडबिलं आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिराती. केसरीवाड्यातलं ग्रंथालय, पुणे नगर वाचन मंदिर, सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर, टिळक रस्त्यावरची साहित्य परिषद. ‘केसरी’, ‘ज्ञानप्रकाश’ आणि १९३२ नंतर ‘सकाळ’ यांत आज कुठे कुठलं नाटक, कोण कोण, हे येत असे. विजयानंद, भानुविलास, लिमये नाट्यचित्र मंदिर या थिएटरांच्या नावांवर डोळा ठेवा. सगळं चाळायला जाऊ नका, वेड लागेल. आधी तबकडीवरून नाटक आणि वर्ष ठरवा, मग त्या वर्षाचे गणपती ते दिवाळी एवढेच महिने बघा. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जाऊन रद्दीवाल्यांना हँडबिलांबद्दल विचारून ठेवा. पहिल्या खेपेला ते ‘नाही’ म्हणतात, तिसऱ्या खेपेला पोत्यातून काढतात.

एक जागा कुणीच सांगत नाही ती सांगते. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची सरकारी योजना आहे. तिच्यासाठी अर्ज करायचा तर कलाक्षेत्रात काम केल्याचा पुरावा लावावा लागतो. मी पाहिलेल्या एका अर्जासोबत म्हातारबाईंनी फुलस्केप कागदावर आपण केलेल्या नाटकांची यादी, गाव, मंडळीचं नाव, भूमिका असं सगळं स्वतःच्या अक्षरात लिहून जोडलं होतं. अडीच पानं. त्यांच्यावर कुणी लेख लिहिला नाही, कोशात नाव नाही, पण त्या अडीच पानांइतका पक्का पुरावा मी नामवंतांचाही पाहिलेला नाही. अर्जाची नक्कल बहुतेक लोक जपून ठेवतात. ट्रंकेत, पासबुकाच्या कव्हरात, देवाच्या फोटोमागे. मावशीआजी १९७०-८० पर्यंत हयात असतील तर हे नक्की शोधा.

आणि १९४५ नंतर त्या काय करत होत्या हेही विचारा. तुम्ही तिथे रेघ ओढली आहे, ‘लाइन सोडली’ म्हणून. लाइन अशी सुटत नाही, माणूस तिच्यातल्या दुसऱ्या कामाला लागतो. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’त १९१३ मध्ये तारामती झालेले अण्णा साळुंके आधी ग्रँट रोडच्या उपाहारगृहात काम करत होते. ‘लंका दहन’मध्ये त्यांनी राम आणि सीता दोन्ही केले, आणि पुढे ते कॅमेरामन झाले. नट म्हणून शोधणाऱ्याला अर्धेच साळुंके सापडतात. राजा गोसावींनी मास्टर विनायकांच्या कंपनीत पडेल ती कामं केली. ‘लाखाची गोष्ट’ भानुविलासला लागला तेव्हा तिथल्या बुकिंगच्या खिडकीत बसून तिकिटं विकणारा माणूस आणि पडद्यावरचा नायक एकच होता, ही तर पुण्याची लाडकी कथा आहे. तेव्हा मावशीआजी नंतर कुणाला गाणं शिकवत होत्या का, शाळेच्या स्नेहसंमेलनाला नाटक बसवत होत्या का, २ ऑक्टोबर १९५३ला पुणे आकाशवाणी सुरू झाल्यावर तिथे जात होत्या का, हे विचारा. ‘रेडिओवर जायची’ असं कुणी म्हटलं तर मला लगेच कळवा.

आता आईला सांगावं का. हा भाग मी टाळला असता, पण तुम्ही सरळ विचारलंय.

१९३२ मध्ये दुर्गा खोटे ‘अयोध्येचा राजा’त उभ्या राहिल्या तेव्हा चांगल्या घरची शिकलेली बाई सिनेमात आली हीच बातमी होती. म्हणजे बाकीच्या कुठल्या घरच्या समजल्या जात होत्या ते ओघाने आलंच. रंगभूमीवर, तबकड्यांवर गाणाऱ्या कितीतरी बायका कलावंतिणींच्या घराण्यांतल्या होत्या. काही बालविधवा होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या, काही कर्जापायी मंडळीत ठेवलेल्या. त्यांनी पुढे संसार थाटला तेव्हा मागचं दार लावून घेतलं. तुमच्या शोधात असं काही निघेल की नाही, मला माहीत नाही. पण मावशी ही खरोखर मावशी होती, की मावशी म्हणायची पद्धत होती, हा प्रश्न कधीतरी समोर येऊ शकतो, एवढी तयारी ठेवा.

एका घरात मी मोठ्या उत्साहाने हँडबिल घेऊन गेले होते. आजीचं नाव ठळक अक्षरात, शेजारी भूमिका. मुलगा खूश झाला. सून आत गेली आणि म्हाताऱ्या आईला घेऊन बाहेर आली. त्या माऊलीने कागद हातात घेतला, वाचला, घडी घातली आणि मला म्हणाली, “हे तुम्ही परत घेऊन जा.” चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. कागद माझ्या पर्समध्ये. त्यानंतर मी कुणाच्याही घरी न विचारता कागद नेला नाही. दुसऱ्या एका घरात नेमकं उलटं झालं. बाईंनी फोटो बघितल्याबरोबर पद म्हणायला सुरुवात केली, नव्वदीच्या बाईंनी, चार ओळी, चाल शाबूत. घरात कुणी ते कधी ऐकलं नव्हतं. मुलं म्हणाली, आम्ही विचारलंच नव्हतं कधी.

तेव्हा कागद सापडल्यावर सांगायचं की नाही, हे आत्ता ठरवू नका. सापडण्याआधी आईंशी बोला. प्रभातचं नाव काढू नका, हिरॉईन हा शब्द तर मुळीच नको. त्या शब्दांमुळे त्या तुम्हाला तीच ठरलेली गोष्ट पुन्हा सांगतील. भांडी घासतानाच्या नाटकांबद्दल विचारा. कुठलं नाटक होतं हे त्यांना सांगता आलं नाही तरी चालेल. एखादं वाक्य आठवतं का बघा, एखादं पात्राचं नाव, एखादी हाक. आणि मावशी सगळ्यांची वाक्यं म्हणायची खरी, पण त्यांतल्या कुणाच्या वाक्याला तिचा आवाज बदलायचा, हातातलं भांडं खाली ठेवलं जायचं, ते आठवतंय का विचारा. प्रॉम्प्टर असती तर सगळी वाक्यं एका सुरात म्हटली असती.

तेवढं कळलं आणि लेबलाचा क्रमांक आला, की पुढचं मी बघते. जमलं तर दुपारी चारनंतर फोन करू नका, माझी झोपायची वेळ असते.